गुलाबांमधला झेंडू

धुळ्याहून फोन आला तेव्हा मी जळगावला माझ्या गुलाबांना पाणी घालत होतो. फोन शेजारच्या दुकानात. दुकानदार कुंपणाशी येऊन म्हणाला, "साहेब, तुमची अक्का..." आणि थांबला. पुढचं मला कळलं. त्याला महिना होऊन गेला. अक्काबद्दल लिहायचं तर तिच्या बागेबद्दल लिहावं लागणार, आणि तिथं माझी एक चूक आडवी येते.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं तिनंच. लग्न होऊन ती धुळ्याला गेली, दाजी एस.टी.चे ड्रायव्हर. गुलाबांचं वेड आम्हा दोघांनाही, पण तऱ्हा निराळी. मी सरकारी कचेरीत नकाशे काढणारा माणूस. माझे गुलाब दोरी लावून एका ओळीत, खालची माती खुरपून लख्ख. तिच्या गुलाबांच्या पायाशी मात्र ही गर्दी... लसूण, शेवंती, चिनी गुलाब, आणि सगळ्यांत दांडगा झेंडू. "ही बाग की भाजीबाजार?" मी चिडवायचो. ती शांतपणे म्हणायची, "वैशाखात इथली माती तव्यासारखी तापते रे. मुळांना सावली नको? आणि झेंडू असला की कीडही कमी पडते." तिचे गुलाब माझ्या गुलाबांपेक्षा टपोरे असत. हे मी तिच्या हयातीत कधी कबूल केलं नाही.

ऐंशीचं दशक संपता संपता, एका उन्हाळ्यात दाजी अचानक गेले. मूलबाळ नव्हतं. मी जळगावला बोलावलं, तर "बाग कोण पाहील?" एवढंच म्हणाली. त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर मी तिच्याकडे गेलो. ती नात्यातल्या लग्नासाठी चोपड्याला गेलेली. किल्ली शेजारच्या सुमनबाईंकडे ठेवली होती. रिकाम्या घरात मला करमेना. बाहेर वाफ्यांत झेंडू वाळून काळा पडला होता. म्हटलं, बहीण थकलीय, आपण एवढं तरी करावं. दिवसभर खपून गुलाब तेवढे ठेवले, बाकी सगळं उपटलं आणि ढीग करून पेटवून दिलं.

दुसऱ्या दिवशी अक्का आली. पिशवी हातातच ठेवून ती वाफ्यांपाशी उभी राहिली.

"थोडं बी काढून ठेवलंस का रे?"

"कसलं बी? बठ्ठा कचरा होता, सगळाच."

"असू दे. छान साफ झालं. चहा टाकते."

निघताना सुमनबाईंनी मला सांगितलं. दसऱ्याला गाडीला बांधलेला झेंडूचा हार दाजी दरवर्षी घरी आणत. अक्का तो वाळवून जपून ठेवी आणि पाऊस पडला की गुलाबांमध्ये चुरगाळून टाकी. मी जाळला तो दाजींच्या शेवटच्या हाराचा झेंडू होता.

मला माफी मागायची होती. त्या दिवशी जीभ रेटली नाही. मग पुढच्या वेळी म्हणून ठेवलं, आणि लाजेपायी जाणंच कमी केलं. सहा वर्षांत दोनदा गेलो. दोन्ही वेळा वाफे उघडे दिसले. अक्काचा राग अजून गेलेला नाही, असं समजून मी माफी न मागताच परतलो.

तेराव्याला माणसं पांगल्यावर मी बागेत गेलो. वाफे तसेच, तणाची एक काडी नाही. सुमनबाई चहा घेऊन आल्या. मी विचारलं, "अक्कानं पुन्हा काहीच लावलं नाही?"

"मी दरसाल रोपं लई येऊ, ती नको म्हने," त्या म्हणाल्या. "म्हने, मना भाऊले साफ आवडस. तो कव्हय बी यी. गुडघा दुखेत, तरी रोज निंदे."

भावाला साफ आवडतं, तो कधीही येईल, म्हणून ती दुखऱ्या गुडघ्यांनी रोज तण काढत होती.

आता दर रविवारी पहिल्या गाडीनं मी धुळ्याला जातो. कुलूप उघडतो, गुलाबांना पाणी घालतो, आणि संध्याकाळपर्यंत ओट्यावर एकटा बसतो. वाफ्यांत तण वाढू लागलंय. खुरपं हातात घेतो... आणि खाली ठेवतो.