तिला सांग, त्यांना सांग

इथे आखातात, अस्करला आमच्या कंपनीत काल फायर ड्रिल झालं. ट्रेनरने ट्रेमध्ये पेटवलेल्या डिझेलवर ओलं गोणपाट टाकून दाखवलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. "यल्ला मॅडम, अब आप." त्या करपट, दमट वासाने मी थेट कोकणात, सासरी जाऊन पोचले.

आमच्या वाडीत बंब यायला रस्ताच नव्हता. वणवा लागला की देवळातली घंटा वाजायची आणि हातातलं काम टाकून सगळे धावायचे. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात थोरल्या काकींची काजूची बाग पेटली. काकी म्हणजे सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई. दोघींचा कित्येक वर्षांचा अबोला होता. तरी ओलं गोणपाट आपटत सासूबाईच सगळ्यांच्या पुढे होत्या.

आग विझल्यावर काकी कोरफड घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "तुझ्या सासूला सांग, हात पुढे कर म्हणावं."

मी सांगायच्या आधीच सासूबाईंचा भाजलेला हात पुढे आला. "त्यांना सांग, वरच्या अंगाची झाडं वाचली."

"तिला सांग, पदर जळलाय तिचा," तो हात धरून कोरफड लावत काकी म्हणाल्या.

"त्यांना सांग, जुनंच लुगडं होतं."

वीतभर अंतरावरून हे निरोप देता देता मला हसू आवरत नव्हतं. काय या बायका, असं वाटलं होतं. काल मात्र आठवलं, कोरफड तर केव्हाच लावून झाली होती. निरोप संपले असते, तर हात सोडावा लागला असता.