वाचनात पहिली

आमच्या ताईला शाळेत सगळे ‘बोटबाई’ म्हणतात. चौथीच्या वर्गात शिरली की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘बोट ठेवा!’ ओळीखाली बोट ठेवायचं, अक्षर न् अक्षर वाचायचं, मगच बोट पुढे सरकवायचं. असं करत तिने कित्येक ठोंब्यांना वाचायला लावलं. मी तिची धाकटी बहीण, त्या ठोंब्यांतलीच एक.

मग मुख्याध्यापकांच्या डोक्यात टॅब्लेट शिरले. या गृहस्थांनी शेवटचं अख्खं पुस्तक कधी वाचलं, देव जाणे. पण ‘वाचनक्रांती’ हा शब्द त्यांच्या तोंडून सारखा सांडत असे. मुलांच्या हातात टॅब्लेट आले. पान उलटलं की ते वाचलं, असं यंत्र धरून चालायचं. उलटणाऱ्याने ते खरंच वाचलं का, हे विचारण्याइतकी अक्कल ना यंत्रात होती, ना ते विकत घेणाऱ्यात.

बाकीच्या वर्गांतली पोरं सटासट पानं उडवायला शिकली. वाक्य दीड ओळीपेक्षा लांबलं की त्यांचा जीव गुदमरायचा. लिहायला सांगितलं तर अर्धं वाक्य लिहून पुढे हसरा चेहरा काढून मोकळी व्हायची. ताईच्या वर्गात वेगळीच गंमत झाली. मुलांनी सवयीने काचेवर बोट ठेवलं, सरकवलं आणि पानच पळालं! ज्यांना वाचता येत होतं ती ओरडली, ‘बाई, गोष्ट गेली!’ त्यांनी बोट अधांतरी धरायला शिकून घेतलं.

त्याच वर्गातली लाँड्रीवालीची मुलगी मात्र ओरडली नाही. तिला जोडाक्षरं सोडाच, काना-मात्राही धड उमगत नव्हत्या. गोष्टच कळत नसेल, तर ती गेलेली कशी कळणार? समोर येईल त्या पानावर बोट ठेवून ती बिचारी दिवसभर पहिल्या शब्दाशी झटत बसायची. पान पळायचं, ती पुन्हा बोट ठेवायची. पाचवीला तिला मोठ्या शाळेत जायचं होतं आणि तिथे हाताला धरून अक्षरं शिकवायला कोणी बसलं नव्हतं. म्हणून शाळा सुटल्यावर ताई तिचा जादा तास घ्यायची.

वर्ष संपता संपता यंत्राने निकाल लावला. शाळेत सर्वांत जास्त वाचन लाँड्रीवालीच्या मुलीचं!

ताई तडक मुख्याध्यापकांकडे गेली. ‘सर, हिला वाचता येत नाही.’

‘बाई, स्क्रीनवर स्वच्छ दिसतंय. जादा तास बंद करा आता. ती खोली मला टॅब्लेट चार्ज करायला हवीय.’

समारंभाला मीही गेले होते. पाहुण्यांनी मुलीच्या गळ्यात पदक घातलं. वर मुख्याध्यापकांनी ताईच्या ‘बोट-पद्धती’चे गोडवे गायले. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कार्यक्रम संपल्यावर तिने मुलीच्या आईला गाठलं. ‘सुट्टीत हिला रोज माझ्या घरी पाठवा. अजून वाचायला शिकवायचं राहिलंय.’

ती बाई उसळलीच. ‘पहिली आलीय माझी पोर! तिला काही माझ्यासारखी इस्त्री फिरवत बसायचं नाही. आणि तुम्ही तिला ढ ठरवताय?’

मुख्याध्यापक पलीकडे फोटो काढून घेत होते. त्यांची मानगूट धरावी असं मला वाटलं.

तेवढ्यात मुलीने आईचा हात ओढला. ‘आई, मला खरंच वाचता येत नाही गं.’

आईने हसून तिला जवळ घेतलं. ‘बघा,’ ती ताईला म्हणाली, ‘एवढी हुशार, पण जरासुद्धा गर्व नाही.’