बिनकिड्याचं पीठ

आता काय सांगू तुम्हाला. परवा माझ्या नातीनं, म्हणजे सुमनच्या पोरीनं, नंदनवन वस्तीतल्या घरी कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि मला विचारते, "आजी, याले काय घालू? चांगलंही पाहिजे अन् महागही नको." साऱ्या दुनियेत तिला मीच सापडले. सुमन पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. "तिले नको विचारू," म्हणाली, "तिनं एकदा निवडलं होतं."

निवडलं होतं खरं. ऐका.

तांडापेठेत एक कोष्टी होता. एक त्याची कोष्टीण, एक त्यांची नऊ वर्षांची लेक आणि एक त्यांचा हातमाग. चौघं सुखात होते म्हणावं तर खोटं होईल, पण चौघं एका छपराखाली होते. कोष्टी म्हणजे आमचे हे, कोष्टीण म्हणजे मी, लेक म्हणजे सुमन. मग गल्लीगल्लीत पॉवरलूम खडखडायला लागले आणि आमच्या मागाला सूत मिळेना. एक दिवस ह्यांनी माग सोडला. फणी, धोटे, दोऱ्या, सगळं गोणपाटात बांधलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. 

सात-साडेसात महिने वणवण केल्यावर ह्यांना वाडीला चौकीदारी मिळाली, एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर. रात्रभर पहारा, दिवसा झोप. फाटकाला लागून एक खोली राहायला. आणि खोलीसोबत एक कुत्रा. नाव राजा. कान उभे, उंची वासराएवढी. शेठनं पहिल्याच दिवशी ह्यांना उभं करून सांगितलं, "देखो, ये राजा तगडा, तो तुम्हारी नौकरी तगडी. पंधरा दिन में आऊँगा. इसकी हड्डी दिखी, तो कमरा खाली."

त्यात वाईट काही नव्हतं. कुत्र्याच्या खाण्याची सोयही शेठनंच लावून दिली होती. नाक्यावरचा खाटीक रोज वजडीचं पुडकं बाजूला काढून ठेवणार, ते फुकट आणायचं, शिजवायचं, घालायचं. चांगलंही आणि महागही नाही.

पण माझ्या गळ्यात तुळशीची माळ. मी त्या दुकानावरून जाताना नाकाला पदर लावणारी बाई. वजडी शिजवू कुठं? ज्या चुलीवर नैवेद्य होतो तिच्यावर? मी खाटकाला निरोप धाडला, पुडकं नको म्हणून. हे उठले की विचारायचे, "राजानं खाल्लं काय वं?" मी म्हणायची, "खाल्लं." काय खाल्लं ते त्यांनी कधी विचारलं नाही.

आम्ही खायचो तेच मी त्याला वाढायची. दुष्काळाचं साल होतं. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, परदेशातून आलेली. तिची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडायची. आम्ही खात होतो. राजानं ती हुंगली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उठून दूर जाऊन बसला. तांडापेठेत आमची परिस्थिती पुष्कळांनी काढली होती, पण इतक्या सभ्यपणानं कोणी काढली नव्हती.

गोडाऊनवर दशरथ नावाचा एक हमाल होता. मौद्याकडचा, घरचं धान पावसावाचून करपलं म्हणून पोती उचलायला आलेला. तो आपल्या शिदोरीतली अर्धी पोळी रोज राजाला द्यायचा, कागदात गुंडाळून आणायचा, माणसाला द्यावी तशी.

"काकू, याच्या फासोळ्या दिसून राहिल्या," तो एक दिवस म्हणाला.

"तू पोते उचल. फासोळ्याचं मी पाहीन."

"पाहा. शेठबी पाहीन."

तो हसत म्हणाला, पण मी बोटांवर दिवस मोजले. पंधरा दिवस भरत आले होते. फासोळ्या लपवायला कुत्र्याला लुगडं तर नेसवता येत नाही. वाडीची खोली गेली तर जायचं कुठं? तांडापेठेतली जागा आम्ही सोडली होती.

शेठ दुपारी येणार त्या दिवशीची सकाळ. हे नुकतेच झोपले होते. सुमन सकाळच्या शाळेत गेली होती. मिलोसुद्धा मूठभर उरली होती. मी कोपऱ्यातल्या गोणपाटाकडे पाहिलं. मागाच्या सामानात एक डबा होता, खळीच्या पिठाचा.

तुम्हाला खळ माहीत नसेल. विणायच्या आधी ताण्याच्या सुताला तांदळाच्या पिठाची पातळ लापशी पाजावी लागते, तीच खळ. तिच्यानं धागा ताठ होतो, तुटत नाही. हे बाईचं काम. वीस वर्षं मी ते केलं. मग म्हटलं, धाग्याला जी ताकद देते ती कुत्र्याला देणार नाही का?

डबा उघडला. आणि काय सांगू, डोळे निवले माझे. त्या साली कोणाच्याही घरचं पीठ उघडा, जाळी, अळ्या, किडे. रेशनचं तर चालतच घरी यायचं. आणि हे पीठ आठ महिने बंद, तरी त्यात एक किडा नाही. एक नाही. मी चाळणीतून काढलं, उन्हात धरून पाहिलं. नीळ दिलेल्या धोतरासारखं पांढरंशुभ्र. म्हटलं, याला म्हणतात माल. कोष्ट्याच्या घरचा माल.

अर्ध्या पिठाची लापशी केली, गूळ घातला, राजासमोर ठेवली. बिचारा उपाशीच होता, गुळाच्या वासानं त्यानं दोन घास गिळले. मग थांबला. मी पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "खा रे बापा, चांगलं हाय." माझ्या शब्दाला मान देऊन त्यानं बाकीचंही खाल्लं.

उरलेलं अर्धं पीठ परातीत काढून झाकून ठेवलं. सुमन पंधरा दिवसांपासून मिलो खाऊन पोट धरत होती. म्हटलं, आज पोरीला पांढरी भाकरी करून घालीन.

मी खरकटं धुवायला बाहेर आले तर राजा फाटकापाशी पाय फाकवून उभा. पाठीची कमान झालेली. ओकला. पुन्हा ओकला. मी जवळ गेले. जमिनीवर जे पडलं होतं ते निळं-हिरवं होतं.

तो रंग मी ओळखला. का नाही ओळखणार? तो माझ्याच हातचा होता. खळीला किडा लागू नये, सूत उंदरांनी कुरतडू नये म्हणून पिठात मोरचूद कुटून घालतात. निळा खडा असतो, विषारी. रोजच्या खळीत चिमूटभर. पण माग बांधला त्या दिवशी मी दुप्पट घातला होता. पुन्हा माग लागेल, तोवर पीठ टिकलं पाहिजे म्हणून. वरून फडकं बांधून नमस्कारही केला होता. आणि किडा नाही या आनंदात मी नेमकं तेच विसरले.

राजा आडवा झाला. आणि मी काय केलं? पाणी आणलं? कोणाला हाक मारली? नाही. मी पायानं माती ओढली आणि ते निळं झाकलं.

तेवढ्यात मुकादम आला, त्याच्यामागं हमाल आले. मुकादम म्हणाला, "काय झालं वं? काय घातलं याले?"

"म्या त रोजचंच देलं," मी म्हणाले. "कोनं काही टाकलं असंल त मले का मालूम?"

एवढंच बोलले. शपथेवर सांगते, नाव कोणाचं घेतलं नाही. पण गोडाऊनवर गोष्ट ठेवली की तिला पाय फुटतात. एक म्हणाला, काल दोन माणसं फाटकाशी घुटमळत होती. दुसरा म्हणाला, चोर आधी कुत्र्यालाच मारतात. तिसरा म्हणाला, बाहेरच्याच्या हातचं राजा खातच नाही, हा अंदरचा माणूस आहे. आणि मुकादमानं राजाच्या थाळीशेजारी पडलेला पोळीचा कागद उचलला.

दशरथ तेव्हा राजाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

"तुझाच ना हा कागद?"

"माहाच हाय."

"किती देले तुले? कोन देले?"

"पह्यले याले पानी पाजा," दशरथ म्हणाला. "मंग मले विचारा."

मुकादमानं त्याची कॉलर धरली तरी त्यानं मांडी हलवली नाही. एवढ्यात शेठची मोटार आली. शेठनं राजाला पाहिलं, कागद पाहिला, दशरथला पाहिलं. ड्रायव्हरला म्हणाला, जा, ढोरांच्या डॉक्टरला घेऊन ये. आणि मुकादमाला म्हणाला, "इसको पकड के रखो. डॉक्टर के बाद पुलिस बुलाना."

आमचे हे गलक्यानं उठून आले होते, डोळे चोळत. माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांचा संसार, मी बोलायच्या आधीच त्यांना काहीतरी कळलं असावं, पण त्यांनी मान फाटकाकडे वळवली. मी मनात हिशेब करत होते. दशरथला मौद्याला घर आहे, आम्हाला नाही. दशरथला शेत आहे, आम्हाला माग नाही. पोलीस त्याला दोन चापटा देतील आणि सोडतील. असा विचार केला मी, माळ गळ्यात घालून. वजडीनं बाटली असती ती माळ.

तेव्हा गर्दीतून सुमनचा आवाज आला. शाळेतून आली होती पोरगी. "माय, पीठ मळून ठेवलं वं. भाकरी टाकू काय? म्या जरासं चाटून पाह्यलं, तुरट लागते."

दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे.

मग मी काय ओरडले ते मला आठवत नाही, पण वाडीच्या नाक्यावर अजून दोघं-तिघं ते सांगत असतील. "थुक! थुक आधी! मोरचूद हाय त्याच्यात!" मी तिच्या तोंडात बोटं घातली, तिला उलटं धरलं, पाण्याची अख्खी बादली तिच्यावर ओतली. पोरगी ओकली, रडली, पुन्हा ओकली. आणि ती शांत झाली तेव्हा मला कळलं की अख्खं गोडाऊन शांत झालं आहे.

"क्या है उसमें?" शेठनं विचारलं.

मुकादमाच्या हातातून दशरथची कॉलर आपोआप सुटली.

मी सांगितलं. खळ सांगितली, मोरचूद सांगितला, खाटकाचं पुडकं नको म्हणून कळवलं तेही सांगितलं. पायानं माती बाजूला करून ते निळं दाखवलं. ह्यांनी डोक्यावरचा पंचा काढून हातात घेतला. आता खोली जाणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

डॉक्टर आले. सुमनचे डोळे, जीभ पाहिली, "चाटलंच आहे, निघून गेलं," म्हणाले. राजाजवळ बसले. "ओकला म्हणून वाचला. मोरचूद पोटात ठरत नाही, उलटून येतो. पण अंगात गेलाच असेल थोडा. रात्र निघाली तर जगेल. दूध आणि अंड्याचा पांढरा बलक पाजत राहा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, कुत्र्याला कण्यांचा भात आणि खाटकाकडचं टाकाऊ, एवढं पुरतं. एवढं स्वस्त असताना तुम्हाला हे कसं सुचलं?"

"किडा नव्हता पिठात, डॉक्टरसाहेब," मी म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "कसा राहील?"

त्या दिवशी माळकरी बाईनं आपल्या हातानं सहा अंडी फोडली. दशरथनं राजाचा जबडा उघडून धरला, मी पाजलं. दशरथ माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी दोनदा "बापा, चुकलं" म्हणाले. त्यानं ऐकलं नाही असं केलं.

शेठ आमच्या खोलीत गेला. मला वाटलं, सामान बाहेर फेकायला गेला. तो परातीतलं पीठ पाहत उभा राहिला, मग मिलोचं मडकं वाकवून पाहिलं. तळाशी मूठभर. बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"कुत्ते को जो दिया, वही बच्ची को देनेवाली थी?"

"चांगलं होतं म्हणून," मी म्हणाले.

शेठ कडक माणूस होता, त्याच्या डोळ्यात पाणीबिणी आलं नाही. मुकादमाला म्हणाला, फाटक्या पोत्यांची झाडण आजपासून ही बाई काढेल. गोडाऊनमध्ये तांदूळ, डाळ, गहू सांडायचं, ते झाडून कोणी कोणी न्यायचं. आता ते आमचं. आणि खाटकाचं पुडकंही रोज आणायचं, ह्यात सूट नाही. मग जाता जाता म्हणाला, "और राजा का खाना पहले दशरथ चखेगा."

"शेठ, म्या काय पाप केलं?" दशरथ म्हणाला.

सगळे हसले. दशरथ हसला नाही, पण निदान बोलला.

राजा जगला. चार दिवस उभा राहत नव्हता, पाचव्या दिवशी उठला आणि मला पाहून पहिल्यांदा मागं सरकला. ते मला पुष्कळ दिवस लागलं. मी अंगणात तीन दगडांची वेगळी चूल मांडली, नाकाला पदर बांधून वजडी शिजवली. झाडण पाखडून धड दाणे आम्हाला, कणी राजाला. महिन्याभरात त्याच्या फासोळ्या गेल्या, सुमनच्या गालांना मांस आलं. हे त्याच गोडाऊनवर म्हातारे झाले. मागाचं गोणपाट पुन्हा उघडलं नाही. डबा मात्र मी खड्डा खणून पुरला.

दशरथ पुढच्या पावसाला आपल्या शेतावर परत गेला. जाताना भेटायला आला, मी चहा ठेवला. कप हातात घेऊन म्हणाला, "काकू, पह्यला घोट तुमी घ्या."

मी घेतला. मग तो प्याला. माझी शिक्षा संपली असं मी समजले.

त्या दिवाळीपासून आजपर्यंत मौद्याहून दरसाल तांदळाची एक गोणी येते. आता दशरथ नाही, त्याचा पोरगा धाडतो. सुमनचं लग्न त्या तांदळावर झालं. यंदाचीही परवाच आली. नातीनं पिल्लाचं विचारलं तेव्हा मी तिला घेऊन गोणीपाशी गेले, तोंडाची दोरी सोडली आणि चष्मा लावून पाहू लागले.

"काय पाहून राहिली आजी?"

"थांब."

दाण्यांमधून एक सोंडा, तोच तांदळातला किडा, हळूहळू वर आला. मी त्याला हात जोडले.

"आता कर याचा भात अन् घाल पिल्ल्याले," मी म्हणाले. "आपल्या घरात माह्यापेक्षा शहाण्या जीवानं आधी खाऊन पाह्यलं हाय."