बाबारावदादांची टाळी

बाबारावदादा कोणाच्याही घरात शिरले की आधी एक टाळी वाजवत. एकच, पण चांगली खणखणीत. मग मान तिरकी करून ऐकत उभे राहत. घरातल्या बाईला वाटे आपल्यालाच बोलावलं. ती पदराला हात पुसत बाहेर येई, तर हे आढ्याकडे बघत उभे. "काही न्हाई बाई, खोली कशी बोलती ते बघायलोय," म्हणत आणि मग बसत. ताडकळसला एकदा आम्ही दुखवट्याला गेलो होतो. तिथंही त्यांनी टाळी वाजवली. बसलेली सगळी माणसं वळून बघायला लागली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर मी जाब विचारला, तर म्हणाले, "मास्तर, माणूस गेला की घर लय घुमतं. तेच बघितलं."

दादा पूर्णेत वायरमन होते आणि काम नसेल तेव्हा आमच्या गायन पार्टीचे प्रमुख. मी प्राथमिक शाळेत मास्तर, म्हणून कोरसमध्ये पहिला. ढोलकीला सुदाम. जयंतीला आसपासच्या गावांतून आमच्या पार्टीला बोलावणं असे. आमची एक रीत मात्र दुसऱ्या कुठल्याच पार्टीत नव्हती. दादांनी ओळ म्हटली की पेटी, ढोलकी सगळं थांबायचं आणि तीच ओळ कोरसनं नुसत्या टाळ्यांवर म्हणायची. सुदाम कुरकुरायचा. दादा त्याला सांगायचे, "मागून माणसंच ऐकू आली पाहिजेत. लाकूड न्हाई, चामडं न्हाई."

सुरुवातीला मी त्यांच्या इशाऱ्याची वाट बघत बसायचो. एकदा इशारा आला नाही आणि मी तोंड मिटून राहिलो. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "कोरसला सांगावं लागत असंल, तर त्यो कोरस कशाचा, मास्तर? ओळ पडली की उचलायची." मुलांना पाढे म्हणायला शिकवणारा माणूस मी, आणि मलाच हे शिकवावं लागलं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, गावोगावी वस्त्या जळाल्या आणि नाव काही आलं नाही. त्या दिवसांत दादांनी एक गाणं रचलं. 'नाव येईल दारी, जागे राहा' अशी त्याची पहिली ओळ होती. ते म्हणत, "ज्या दिवशी नाव यील, त्या दिवशी हेच गाणं आन् हीच पार्टी." पुढं त्यांना मस्कतला कामाची संधी आली. गाडी सुटताना खिडकीतून माझा हात धरून म्हणाले, "पार्टी मोडू देऊ नका." मी अगदी बिनधास्त शब्द दिला. शब्द द्यायला काय जातं?

तीन महिन्यांनी त्यांची बायको, गयावहिनी, पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. त्यात लिहिलं होतं, 'चार गोधड्या पाठव. जाड्या.' मस्कतला माणसं उन्हानं करपतात असं आम्ही ऐकून होतो. वहिनींनी थंडीताप धरला. मला वाटलं, ऊन डोक्यात गेलं. शेवटी गंगाखेडचा एकजण तिकडं निघाला होता, त्याच्या सामानात गोधड्या कोंबल्या. पुढच्या पत्रात खुलासा आला. चौघांच्या खोलीत त्यांनी एक कोपरा मिळवला होता. भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या, मध्ये टेपरेकॉर्डर आणि माइक. 'आता खोली गप झाली. गाणं भरायलोय,' असं लिहिलं होतं.

मग सुरू झाला साथीदारांचा शोध. सुट्टीच्या दिवशी दादा कामगारांच्या खोल्याखोल्यांतून टाळी वाजवत फिरले असणार, याबद्दल मला शंका नाही. एक केरळी सुतार पेटीवाला सापडला. ढोलकीला एक पठाण ड्रायव्हर. तिघं मिळून मोडक्यातोडक्या हिंदीत काय बोलत असतील ते बोलत असतील. पत्रात एवढंच होतं, 'वाजवणारे मिळाले. कोरस मिळंना.' मी ते वाचलं आणि वाईट वाटून घेतलं. त्यापलीकडं माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

जयंतीच्या आधी कॅसेट आली. सोबत चिठ्ठी नव्हती. आम्ही वस्तीतल्या समाजमंदिरात टेप लावला. पेटी-ढोलकीवर दादांचा आवाज आला, 'नाव येईल दारी, जागे राहा', आणि मग काहीच नाही. पेटी नाही, ढोलकी नाही, चकार शब्द नाही. थोड्या वेळानं पुढची ओळ आली आणि परत सगळं बंद. गाणंभर हाच प्रकार. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले, कारण मी शिकलेला. आखातातून आलेल्या एकानं छातीठोक सांगितलं की तिकडं कॅसेटी तपासतात आणि नको ते पुसतात. ते आम्हांला ताबडतोब पटलं. आमचं नाव पुसलं जाण्याची आम्हांला सवयच होती. पण पुसणाऱ्यानं दादांच्या ओळी शाबूत ठेवून मधलंच का पुसलं, हे एकाच्याही मनात आलं नाही.

मग मी हुशारी केली. परभणीला एका कॅसेटवाल्याकडं जाऊन त्या कोऱ्या जागा काढायला लावल्या आणि ओळीला ओळ जोडून गाणं त्याच कॅसेटवर परत भरून आणलं. जयंतीला ते भोंग्यावर वाजलं. "दादा लय घाईत गायलेत," असं एक म्हातारी म्हणाली. त्या वर्षी पार्टी काही बसली नाही. कॅसेट होती, मग गाण्याची गरज काय? सुदामनं गंगाखेडला नोकरी धरली. मी शाळेत रमलो.

दादा सुट्टीवर आले तेव्हा मी मोठ्या कौतुकानं त्यांना घरी बसवून कॅसेट ऐकवली आणि ती कशी दुरुस्त करून आणली तेही सांगितलं. ऐकताना त्यांचे हात दोनदा वर आले आणि परत मांडीवर गेले. गाणं संपल्यावर म्हणाले, "आन् तुमी कुठं हाव ह्याच्यात, मास्तर?"

मी हसलो. म्हटलं, "आम्ही इथं, पूर्णेत."

"हां, तेबी खरंच," ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागितला. त्यानंतर मस्कतहून कॅसेट आली नाही. परदेशात गेला की माणूस फुगतो, असं मी वहिनींसमोरसुद्धा बोललो.

पुढं चार वर्षांनी दादा तिकडंच हृदयविकारानं गेले. माती तिकडंच झाली. इकडं फक्त एक पत्र्याची ट्रंक आली. तीत त्या गोधड्या होत्या, कडांना खिळ्यांची भोकं पडलेल्या, आणि त्यांत गुंडाळलेली एक कॅसेट. वहिनींनी ती तशीच ठेवली.

शेवटी एका जानेवारीत विद्यापीठाला नाव आलं. वस्तीत गुलाल उधळला गेला, सुदाम गंगाखेडहून धावत आला. दुपारी आम्ही जुनी माणसं वहिनींच्या घरी जमलो. वहिनींनी ती कॅसेट लावली. 'नाव येईल दारी, जागे राहा.' आणि पुढं कोरं. मी मनात म्हटलं, हीही पुसली.

तेवढ्यात दाराजवळ बसलेल्या वहिनींनी ओळ उचलली. नुसत्या टाळ्यांवर. ज्यांनी जन्मात कधी पार्टीत तोंड उघडलं नव्हतं, त्यांनी. त्यांची ओळ जिथं संपली, बरोबर तिथं दादांची दुसरी ओळ आली. तसूभर आधी नाही, तसूभर नंतर नाही. तिकडं बसून त्यांनी आमच्यासाठी जागा मोजून सोडली होती, आणि ती मी परभणीला नेऊन कापून आणली होती. मला फार लाज वाटली. दुसऱ्या ओळीला मी तोंड उघडलं, पण उशीर झाला आणि दादा माझ्यासाठी थांबले नाहीत. तिसरीला सुदाम आला, मग सगळेच आले. घर आमच्या आवाजानं भरलं, तरी ते घुमत होतं.

गाणं संपलं. कॅसेट तशीच फिरत राहिली आणि कोणी ती बंद केली नाही. अजून एखादी ओळ येईल आणि आपल्याला कोणी सांगणार नाही, म्हणून मी टाळीसाठी हात वर धरून बसलो होतो.