काळीला कव्हर

आमचा मामा मोबाइलवर बिलियर्ड्स खेळायचा, पण कॅरमच्या नियमांनी. गेमला ते पटत नसे आणि मामाला गेमचं पटत नसे. समोर दुसरा खेळाडूच नसल्यामुळे हे भांडण दोघांतच चाले.

अलोऱ्याच्या वीजप्रकल्पाच्या कॉलनीत मामा फिटर होता. निवृत्त झाल्यावर, मामी गेल्यावरही, तिथेच राहिला, कारण संध्याकाळचा कॅरम. मग उजव्या अंगावरून वारं गेलं आणि उपचारांसाठी तो रत्नागिरीला माझ्याकडे आला. पाय महिन्याभरात सुधारला; उजव्या हाताचं बोट मात्र थरथरत राहिलं. डॉक्टर म्हणाले, बोट हलतं ठेवा. म्हणून मी माझ्या जुन्या मोबाइलमध्ये ही गेम घालून दिली.

डाव्या हाताने खेळ म्हटलं तर म्हणाला, "डाव्यानं जेवतोय, तेवढी लाज पुरे." नेम दाखवणारी रेघही त्याने बंद करायला लावली. "रेघ बघून कोणीही मारील. बोटाला शिकू दे, बाय."

काळा चेंडू ही त्याची राणी. काळी सगळ्यात शेवटी घालायची, असा गेमचा नियम. मामा कॅरममधल्या राणीसारखी ती आधी घालणार आणि लगेच उरलेला शेवटचा चेंडू घालून तिला कव्हर देणार. गेम डाव पुरा खेळू द्यायची, पण शेवटी 'हरलात' असं लिहायची. "हिला शिकवलान कोणी?" असं मामा मलाच विचारायचा.

पहिल्याच दिवशी त्याने सांगून ठेवलं होतं, "ह्या बोटानं काळीला कव्हर दिला, की मी अलोऱ्याला." सुरुवातीला मीही त्याच्याबरोबर देव पाण्यात ठेवले. पण मी एकटी राहणारी बाई. ऑफिसातून आल्यावर दारातच "आली बाय? चहा टाकलाय" ऐकायची सवय लागली. मग बोट चुकलं की मला बरं वाटू लागलं. लाज वाटायची, तरी बरं वाटायचंच.

एका रविवारी दुपारी टेबलावर दोनच चेंडू उरले होते. काळी गेली. मामाने बोट धोतराला पुसलं, श्वास धरला, आणि पाठोपाठ पिवळाही गेला. पडद्यावर नेहमीसारखं 'हरलात' आलं. मी घाईघाईने म्हटलं, "हरलास रे मामा. आता राहावं लागणार."

तो हसला नाही. मोबाइल माझ्यापुढे धरला. "तिला काय लिहायचं ते लिहू दे. तुला कव्हर दिसला ना?"

खोटं बोलता आलं असतं. "दिसला," मी म्हटलं.

"मग सकाळची एसटी बघ."

मोबाइल त्याने नेला नाही. म्हणाला, "तिकडे खरी माणसं आहेत हरवायला."

आता ऑफिसातून आले की चहा मीच टाकते आणि एक डाव खेळते. आधी काळी, मग कव्हर. गेमच्या मते मी अजून एकदाही जिंकलेली नाही.