वन्संचं अर्धं वाक्य

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, सुमती. झाशीतल्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांत हे नाव अजून टिकून आहे, नणंद कितीही मोठी डॉक्टरेट घेऊन आलेली असो. तेव्हा मी खूप रडले. पण महिन्याभराने सदर बाजारातल्या एका दवाखान्यावर त्यांचा फोटो पाहिला आणि रडू कुठल्या कुठे पळालं.

वन्संनी जन्मभर मूलपेशींवर, म्हणजे स्टेम सेलवर, संशोधन केलं. झिजलेल्या सांध्यात नवी कूर्चा वाढवता येईल का, हा त्यांचा ध्यास. भाऊबीज उरकली की लगेच परत निघायच्या... "पेशींना सुट्टी नसते गं, विजू." पेशींना नव्हती, वन्संच्या नोकरीला मात्र वरचेवर सुट्टी मिळायची. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि समोर त्यांच्याच हाताखाली शिकलेली माणसं. केस पिकले तरी बाई 'तात्पुरत्या'च. याची लाज कुणालाच कशी वाटली नाही? शेवटी त्या झाशीला, नगरा भागातल्या आमच्या घरी परत आल्या.

गणपतीत मंडळाने त्यांना बोलायला लावलं. मुलांना मराठी बेताचंच कळतं म्हणून हिंदीत बोलल्या, विरजणाला जामन आणि पेशींना कोशिका म्हणत. "ज़रा-से जामन से सारा दूध दही बन जाता है, वैसे ही इन कोशिकाओं से नया ऊतक बन सकता है. पर जामन ख़राब हो, तो सारा दूध गया. इसलिए अभी जल्दी मत कीजिए." हे ऐकायला तो दवाखानावालाही आला होता. दुसऱ्याच दिवशी घरी हजर. गुडघ्यात स्टेम सेलची इंजेक्शनं देतो म्हणे, पाटीवर फक्त मॅडमचं नाव हवं. वन्संनी चहा दिला आणि नाव दिलं नाही. सासूबाईंचे गुडघे तेव्हा फार दुखत. "माझ्यासाठी तरी विचार कर," त्या म्हणाल्या. वन्सं म्हणाल्या, "आई, पुरावा नाही अजून. तुझ्यासाठी तर मुळीच नाही."

आणि आता त्याच पाटीवर फोटो, आम्हीच निधनाच्या निरोपासोबत पाठवलेला. खाली लिहिलेलं, 'जैसे जामन से दही, वैसे आपका नया घुटना'. मेलेलं माणूस नाही म्हणू शकत नाही, एवढाच हिशेब. मी तशीच आत शिरले.

"भाभीजी, ये तो हमारी श्रद्धांजलि है."

"आधी बात लगाई है आपने. बाकी आधी भी लगाइए."

बाकावरच्या एका म्हाताऱ्याने बुंदेलीत विचारलं, "बाकी का कई ती उनने?" बाकीचं काय म्हणाल्या होत्या त्या, ते मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. म्हाताऱ्याने काठी उचलली आणि तो बाहेर पडला. बाकीचे बसून राहिले.

पुढे पाटीवरून फोटो निघाला. वाक्य आहे तिथेच आहे, अर्धंच.

वन्सं विरजण लावण्याआधी वाटी नाकाशी धरायच्या, आणि मी त्यांना हसायची. त्यांच्या हातचं विरजण अजून चालू होतं, रोजच्या दह्यातून थोडं थोडं मागे ठेवत... काल वाटी नाकाशी धरली तर वास वेगळा आला. दूध कोमट होऊन तयार होतं, सासूबाई दही मागत होत्या. मी वाटी मोरीत ओतून दिली.