पितळी कड्या आणि माझा पंजा

साडेतीन हजारांत ठरलेला सौदा मी स्वतःच्या हातानं पाच हजारांवर नेला. कुणी फसवलं नाही, कुणी जास्तीचे मागितले नाहीत. आणि मी जिंतूरच्या शाळेत गणित शिकवतो.

झालं असं, की नव्या घरात आम्ही बंगई, म्हणजे झोपाळा, टांगली. पाट सागवानी, झकास. पण साखळ्या लोखंडी. बायको एकदा बसली, साखळी करकरली, ती उठली ती पुन्हा बसलीच नाही. तिच्या माहेरच्या बंगईला पितळी कड्या होत्या, मोर-हत्तीच्या. "तशा आणा, मग बसते," म्हणाली. दोन महिने त्या बंगईवर मी एकटाच करकरत होतो.

परभणीत एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये जुन्या वस्तूंचं भलंमोठं दुकान आहे, असं कळलं. रविवारी दोघं एसटीनं निघालो. वाटेत मी तिला शहाणपण शिकवलं, "आवडलेल्या वस्तूकडं बघायचं सुद्धा नाही. भाव मी करतो. तू गप राहा."

आत पाऊल टाकलं आणि शहाणपण दारातच राहिलं. पूर्णा जंक्शनवरून आलेले रेल्वेचे लाल-हिरव्या काचांचे कंदील, निजामाच्या काळातली धान्याची मापं, मी आत बसू शकेन एवढ्या चिनी मातीच्या बरण्या! एक कंदील उचलून मी गाडी सोडल्यासारखा हलवला.

"ठेवा खाली," बायको कुजबुजली. "लोकं बघायलेत."

एवढ्यात तिची बोटं माझ्या दंडात रुतली. वर तुळईला कड्या लटकत होत्या. मोर, हत्ती, मोर.

"ह्याच!" मी ओरडलो. अख्खं दुकान वळलं.

दुकानाचे मालक, सत्तरीचे चाचा, खुर्चीतून उठले. वळलेल्यांत पुण्याचा एक हॉटेलवालाही होता. तोही त्याच कड्यांचे फोटो काढत होता. चाचांनी दोघांकडं पाहिलं आणि मला म्हणाले, "भाई, साहब को भी यहीच होना. खुल्ला भाव नक्को. दस्ती के नीचे बोलो."

चाचांच्या घरात पूर्वी बैलांची दलाली होती. बैलबाजारातली ही रीत: खांद्यावरचं कापड हातांवर टाकायचं आणि खाली बोटं दाबून भाव सांगायचा. एक बोट म्हणजे हजार, अर्धं बोट म्हणजे पाचशे, सगळा पंजा म्हणजे पाच. तोंडातून चकार शब्द नाही. हातानं दिलेला भाव मात्र फिरत नाही. मी हे लहानपणी लांबून पाहिलेलं. तेवढ्या भांडवलावर हात पुढं केला.

चाचांनी खांद्यावरची दस्ती हातांवर टाकली आणि चार बोटं दाबली. मी दोन. त्यांनी पुन्हा चार. मी तीन. हॉटेलवाला मान लांब करून बघतोय. चाचांनी तीन बोटं दाबली, चौथं अर्धं. साडेतीन! मी मान हलवली. जमलं!

इथंच हात बाहेर काढायचा होता. पण आनंद एवढा झाला, की मी त्यांचा सगळा पंजा गच्च धरून हलवला.

चाचांच्या भुवया वर गेल्या. "पक्का?"

"एकदम पक्का!" म्हणत मी आणखी जोरात दाबला.

चाचांनी दस्ती ओढली. "पाच हजार. मुबारक हो."

"अहो चाचा, साडेतीन ठरले ना!"

"वो तो पहले. बाद में तुमीच पंजा दिये. एक बार नै, दो बार."

हॉटेलवाला हसत मागं सरकला. "पाचला? घ्या बुवा तुम्हीच."

मी मदतीसाठी बायकोकडं पाहिलं. तिचे वडील आयुष्यभर बैल घेत-विकत आले. ती म्हणाली, "हातानं दिलं ना? मग द्या आता."

परतीच्या एसटीत कड्यांची पिशवी तिनं मांडीवर घेतली, मला हात लावू दिला नाही. एकेक मोर पदरानं पुसून बघत होती. चेहरा खुललेला. ही संधी साधून मी म्हणालो, "काही म्हण, मिळाल्या तर खऱ्या!"

तिनं मोरावरची नजर काढली नाही.

"बरं झालं, माझ्या बापानं तुमाला कधी बैल घ्यायला न्हाई धाडलं. बैलानंच तुमाला इकलं असतं, अन् दावं घेऊन एकटाच घरी आला असता."